कथा-कविता उलगडायची कशी? निवेदक, संघर्ष, प्रतीक आणि आशयसूत्र

‘कथा आवडली, पण तिच्यावर लिहू काय?’ साहित्याच्या अभ्यासाला नव्याने लागलेल्यांकडून हा प्रश्न सतत ऐकू येतो. व्याख्या पाठ असतात. प्रतीक म्हणजे काय, संघर्षाचे प्रकार किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण न वाचलेली कथा समोर आली की त्या व्याख्यांचं करायचं काय, ते कळत नाही. मी विज्ञान शिकून नंतर साहित्याकडे वळले. त्यामुळे ‘हे तुम्हाला कुठे दिसलं?’ हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून विचारत आले. त्याची उत्तरं शोधताना जी पद्धत हाताशी आली, ती इथे देत आहे.

पद्धतीचा गाभा आहे क्रम. परीक्षेतला प्रश्न बहुधा ‘या कथेचा आशय स्पष्ट करा’ असाच येतो. त्यामुळे वाचकही आशयापासून सुरुवात करतो: आधी एक मोठा विचार ठरवतो आणि मग कथेतली वाक्यं त्यात कोंबत बसतो. तुम्ही उलट्या बाजूने या. आधी कोण बोलतंय ते पाहा, मग ओढाताण कशाची आहे ते शोधा, मग वस्तू आणि प्रतिमांकडे वळा. आशयसूत्र, म्हणजे त्या विषयाबद्दल कथा काय म्हणते ते, सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं की आशय शोधत बसावं लागत नाही, आधीच्या तीन टप्प्यांतल्या टिपणांतून तो वर येतो.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एक छोटी कथा किंवा कविता. पाच-सात पानांची कथा उत्तम. पहिल्याच वेळी कादंबरी घेऊ नका.
- स्वतःची प्रत किंवा झेरॉक्स, म्हणजे समासात लिहिता येईल.
- पेन्सिल आणि वही.
- चांगला मराठी शब्दकोश. बोलीतली किंवा जुनी कथा असेल तर तो लागतोच.
- दोन वाचनांइतका निवांत वेळ.

गाइड, प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर आणि समीक्षेचे लेख मात्र तूर्त बाजूला ठेवा. ते वाईट असतात म्हणून नव्हे. एकदा दुसऱ्याचा अर्थ डोक्यात बसला की आपले डोळे नेमकं तेवढंच शोधतात, एवढ्यासाठी. त्यांची पाळी सातव्या पायरीवर येईल.

१. दोनदा वाचा, दोन वेगळ्या पद्धतींनी

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय. थांबू नका, खुणा करू नका. संपल्यावर वहीत एकच ओळ लिहा: वाचताना मी कुठे अडखळलो, किंवा कुठे अस्वस्थ झालो? ‘शेवट कळला नाही’, ‘आई असं का म्हणाली?’ असं काहीही चालेल. ही ओळ जपून ठेवा. तुमच्या लेखनाचं मूळ पुष्कळदा तिच्यातच सापडतं.

दुसरं वाचन पेन्सिलीने आणि सावकाश. आता तुम्हाला शेवट माहीत असतो, त्यामुळे पहिल्या परिच्छेदातले शब्द वेगळे दिसू लागतात. खूण करताना फक्त रेघ मारून सोडू नका, समासात दोन शब्द लिहा. नुसत्या रेघेचं कारण दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

पुढच्या पायऱ्या प्रत्यक्ष करून दाखवता याव्यात म्हणून मी एक लहानशी कथा लिहिली आहे. पुढे जाण्याआधी ती दोनदा वाचा.

*घर विकायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांत आधी हो म्हणाले. दादाला वाटलं होतं, मी अडून बसेन. मला त्या घराचं काय! पंधरा वर्षं मी तिथे राहिलेलेही नाही.*

*सामान काढायला गेलो तेव्हा मागच्या भिंतीला अण्णांची शिडी टेकून उभी होती. खालून तिसरी पायरी निखळलेली, तशीच. दादा म्हणाला, ‘भंगारात देऊ.’ मी म्हटलं, ‘दे की.’ तो आत गेल्यावर मी शिडी उचलून पाहिली. जड होती.*

*दुपारी टेम्पो आला. आई ओट्यावर बसून होती. म्हणाली, ‘तिसरी सोडून चढायचं, एवढं त्याला सांगा.’*

*कुणीच काही सांगितलं नाही. टेम्पो वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. ऊन फार होतं, म्हणून डोळे मिटले.*

२. कोण बोलतंय, कोण पाहतंय, आणि कधी?

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते, कारण कथेतलं बाकी सगळं आपल्यापर्यंत निवेदकाच्या हातून येतं. तो काय दाखवतो आणि काय झाकतो, यावर तुमचं सगळं आकलन उभं असतं.

ढोबळ प्रकार असे. ‘मी’ बोलत असेल तर प्रथमपुरुषी निवेदन. ‘तो’, ‘ती’ असं सांगत एकाच पात्राच्या मनात शिरता येत असेल तर मर्यादित तृतीयपुरुषी. सगळ्यांच्या मनातलं आणि पुढचं-मागचं ठाऊक असेल तर सर्वसाक्षी निवेदक. ‘तू’ला उद्देशून चालणारं निवेदन क्वचित भेटतं. प्रकाराचं नाव लिहून थांबू नका. नाव लिहिल्याने हाती काही लागत नाही, पुढचे तीन प्रश्न विचारल्याने लागतं.

*कोण बोलतंय आणि कोण पाहतंय?* हे दोघे वेगळे असू शकतात. फ्रेंच अभ्यासक जेरार झनेत यांनी १९७२ मध्ये हा भेद नेमकेपणाने मांडला आणि तेव्हापासून तो कथनाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. मराठी वाचकाला तो ‘श्यामची आई’मध्ये सहज दिसेल. बोलणारा श्याम मोठा आहे, रात्री मित्रांना आठवणी सांगतो आहे. प्रसंग पाहणारा, हट्ट करणारा, रडणारा श्याम लहान आहे. त्या दोघांमधल्या अंतरातूनच त्या पुस्तकातला पश्चात्ताप आणि कृतज्ञता येते. लहान श्यामनेच ते सांगितलं असतं तर तक्रारी उरल्या असत्या.

*निवेदक कुठे उभा आहे?* आतला की बाहेरचा? व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी सांगणारा मास्तर त्या वाडीत बाहेरून आलेला आहे. म्हणून वाडीतल्या माणसांना ज्याचं काही वाटत नाही ते त्याला टिपावंसं वाटतं, आणि आपल्यालाही त्याच्या बरोबरीने वाडीची ओळख होत जाते.

*त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?* अविश्वसनीय निवेदकाची कल्पना अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये मांडली. अशा निवेदकाला लबाडच असावं लागत नाही. तो स्वतःलाच फसवत असेल, फार लहान असेल, किंवा त्याला पुरेसं माहीत नसेल. जपानी लेखक अकुतागावा यांच्या १९२२ मधल्या एका कथेत एकाच मृत्यूबद्दल सात जणांची निवेदनं येतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. खरं काय, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. मराठीत ‘ययाति’ (१९५९) मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू बोलतात. ती वाचताना ‘खरं कोण बोलतंय’ यापेक्षा ‘हीच गोष्ट याला अशी का दिसते’ असा प्रश्न धरलात तर अधिक हाती लागेल.

आता शिडीच्या कथेकडे या. निवेदिका घराबद्दलची बेफिकिरी दोन-दोनदा बजावून सांगते: सगळ्यांत आधी हो म्हणाले, मला काय त्याचं. ज्याला खरोखर काही वाटत नाही तो इतकं सांगत नाही. आणि मग एक शब्द तिला उघडं पाडतो: ‘तशीच’. तिसरी पायरी निखळलेली, तशीच. म्हणजे ती आधीपासून निखळलेली होती हे तिला पंधरा वर्षांनंतरही आठवतं. शेवटचं ‘ऊन फार होतं’ हे कारण तिने स्वतःसाठी दिलेलं आहे. निवेदिका खोटं बोलत नाही, पण तिचे शब्द तिच्यापेक्षा जास्त सांगतात.

इथे करून पाहण्यासारखा एक सराव: हीच कथा दादाच्या तोंडून चार ओळींत लिहा. लगेच लक्षात येईल की शिडी उचलून पाहण्याचा क्षण नाहीसा होतो, कारण तेव्हा तो आत गेलेला आहे. निवेदक बदलल्यावर जे गळून पडतं, तेच लेखकाने हा निवेदक निवडण्याचं कारण असण्याची शक्यता फार मोठी.

सापळा: निवेदक म्हणजे लेखक असं धरणं. ‘कोसला’ (१९६३) मध्ये बोलतो तो पांडुरंग सांगवीकर, भालचंद्र नेमाडे नव्हेत. दोघांच्या आयुष्यात कितीही साम्य असलं तरी पांडुरंगचं मत लेखकाच्या नावावर लिहायचं नाही. कवितेत ही चूक फार होते. कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. पुरात घर गेलेला विद्यार्थी बोलतो हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण आपल्याला ते सांगतात ‘सर’, आणि त्यांचा हात खिशाकडे जातो तेव्हा आपलाही अंदाज तोच असतो, की याला पैसे हवे असणार. विद्यार्थी नकार देतो तेव्हा सरांबरोबर वाचकाचाही अंदाज चुकतो. ही कविता एखाद्या तिऱ्हाइताने सांगितली असती तर तो धक्का आपल्या वाट्याला आला नसता.

३. ओढाताण कशाची आहे?

संघर्ष म्हटलं की नवखा वाचक भांडण शोधतो. कथेत भांडण नसेल तर ‘या कथेत संघर्ष नाही’ असं लिहून मोकळा होतो. भांडण शोधू नका, एकाच वेळी पुऱ्या होऊ न शकणाऱ्या दोन गोष्टी शोधा. त्यासाठी वहीत हे वाक्य भरा:

‘अमुकला ______ हवं आहे, पण ______.’

मुख्य पात्रासाठी हे वाक्य दोन-तीन प्रकारे भरून पाहा. शिडीच्या कथेत पहिला प्रयत्न असा होईल: ‘दादाला घर विकायचं आहे, पण बहीण अडवेल अशी त्याला भीती आहे.’ हा संघर्ष दुसऱ्याच वाक्यात विझतो, कारण बहीण अडवतच नाही. म्हणजे तो खरा नाही. दुसरा प्रयत्न: ‘निवेदिकेला आपण या घरातून मोकळे झालो आहोत असं दाखवायचं आहे, पण तिचे हात आणि पाय ते मान्य करत नाहीत.’ हात शिडी उचलतात, पाय फाटकात थांबतात. हे वाक्य कथेच्या शेवटच्या ओळीपर्यंत टिकतं.

माणूस विरुद्ध माणूस, समाज, निसर्ग, नियती आणि स्वतः, हे नेहमीचे प्रकार तुम्हाला कुठेही सापडतील. त्यांची नावं लक्षात ठेवायला हरकत नाही, पण चांगल्या साहित्यकृतीत यांतले दोन-तीन एकमेकांत गुंतलेले असतात आणि पाहायचं असतं ते गुंतणंच. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) जहाजावर भेटलेला भारतीय तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी आहे. बाहेर संपूर्ण युरोपचं राजकारण त्यांच्या विरोधात उभं आहे. आत त्या तरुणाच्या मनात जुन्या प्रेमभंगाचा कडवटपणा आहे. यातला एकच संघर्ष लिहिलात तर कादंबरी एक तर राजकीय कैफियत ठरते किंवा नुसती प्रेमकथा.

दुसरी गोष्ट म्हणजे संघर्षाचं रूप बदलू शकतं. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) खटला लुटुपुटूचा म्हणून सुरू होतो. सगळे हसतखेळत असतात. हळूहळू तोच खेळ लीला बेणारे या बाईच्या खऱ्या आयुष्यावरचा खटला होतो. तुम्ही पहिल्या अंकातच ‘संघर्ष: खटला’ असं लिहून ठेवलंत तर नाटकाचा मुख्य प्रवास निसटतो. म्हणून वहीत दोन जागा करा: सुरुवातीला ओढाताण कशी दिसते, आणि शेवटी ती कुठे पोचते.

सापळा: शेवटी संघर्ष सुटलाच पाहिजे असं समजणं. पुष्कळ कथा तो न सोडवताच संपतात. तेव्हा ‘कथा अपूर्ण वाटते’ असं लिहिण्याआधी पाहा की तो का सोडवला नाही. आपल्या कथेतल्या बाईने डोळे मिटले. ती रडली असं लिहिलं असतं तर ओढाताण एका बाजूने सुटली असती.

४. वस्तू केव्हा प्रतीक होते?

या टप्प्यावर दोन टोकं दिसतात. काहींना कशातच प्रतीक दिसत नाही, काहींना सगळ्यातच दिसतं. दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण तो हुशारीसारखा दिसतो. पाऊस आला की दुःख, पांढरा रंग म्हणजे पावित्र्य, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, अशी यादी तयार असते आणि कथा त्या यादीवरून वाचली जाते.

पहिली अट लक्षात ठेवा: प्रतीक आधी एक खरीखुरी वस्तू असतं. शिडी आधी शिडीच आहे. तिला वजन आहे, तिची एक पायरी निखळलेली आहे, ती भंगारात जाते. हे सगळं नीट पाहिल्याशिवाय तिच्यात दुसरं काही शोधायला जाऊ नका.

मग या चार कसोट्या लावा.

*पुनरावृत्ती.* ती वस्तू पुन्हा येते का? आपल्या कथेत शिडी भिंतीला टेकलेली दिसते, भंगारात द्यायचं ठरतं, उचलली जाते, आईच्या बोलण्यात येते आणि जाते. एवढ्या छोट्या कथेत हे पुष्कळ झालं.

*जास्तीचं लक्ष.* गोष्ट पुढे सरकायला लागतं त्यापेक्षा जास्त तपशील दिलाय का? सामान गेलं एवढंच सांगायचं असतं तर ‘खालून तिसरी पायरी’ इतकं नेमकं सांगण्याची गरज नव्हती.

*जागा.* वळणावर किंवा शेवटाजवळ ती वस्तू हजर आहे का?

*अदलाबदल.* ती काढून तिथे दुसरी वस्तू ठेवा. शिडीच्या जागी जुनं कपाट ठेवलं तर आठवण टिकेल, पण आईचं वाक्य कोसळेल. मोडलेली पायरी टाळून चढण्याची घरातल्यांची सवय, हे फक्त शिडीच वाहून नेऊ शकते. अदलाबदल करूनही काहीच बिघडत नसेल तर ती वस्तू बहुधा फक्त सजावट आहे.

प्रतिमा, उपमा, रूपक आणि प्रतीक यांत नव्या वाचकांचा फार गोंधळ होतो. कामापुरता भेद एवढा पुरे: इंद्रियांना जाणवणारं शब्दचित्र म्हणजे प्रतिमा. उपमा आणि रूपकात दोन गोष्टी आपल्यासमोर ठेवलेल्या असतात, एक दुसरीसारखी आहे किंवा तीच आहे असं कवी सांगतो. प्रतीकात एकच गोष्ट समोर असते, दुसरी आपल्याला जाणवते, आणि ती एकच असेल याची खात्री नसते.

प्रतीकांतही काही उघड बोलणारी असतात. केशवसुतांच्या ‘तुतारी’त (१८९३) तुतारी कशासाठी हवी ते कवी स्वतःच सांगतो: जुन्या रूढींविरुद्ध लोकांना जागं करण्यासाठी. तिथे कोडं सोडवायचं नसतं, तुतारीच का, बासरी का नाही, एवढं विचारायचं असतं.

याच्या दुसऱ्या टोकाला बालकवींची ‘औदुंबर’. आठ ओळींची कविता, वरवर निव्वळ निसर्गचित्र, आणि तिच्या अर्थावर समीक्षकांनी पुष्कळ वाद घातले आहेत. सरावासाठी हिच्याइतकी चांगली कविता क्वचित मिळेल. रंगांचा प्रवास पाहा: सुरुवातीला हिरवळ आणि निळासावळा झरा, मग चार घरांचं गाव आणि हिरवी शेतं, मग त्यांतून निघालेली पांढरी पायवाट. ती पायवाट गावाकडून कुठे जाते? काळ्या डोहाकडे. तिथे पाण्यात पाय सोडून झाड बसलेलं आहे, आणि बसणं हे माणसाचं क्रियापद आहे. एवढ्या पुराव्यावर कुणी म्हणेल की वस्तीतून मृत्यूकडे जाणारी ही वाट आहे, आणि औदुंबर म्हणजे त्या काठावर शांत बसलेला विरक्त. वाचन टिकण्यासारखं आहे. पण त्याच कवितेत पाण्यावरच्या काळोखाला कवीने गोड म्हटलं आहे. तो एक शब्द मृत्यूच्या सरळ अर्थाला अडवतो. आता तुम्हाला एक तर अर्थ बदलावा लागेल किंवा गोड वाटणाऱ्या मृत्यूबद्दल बोलावं लागेल. प्रतीक वाचण्यातला आनंद मला इथेच सापडतो: आपल्या अर्थाला अडवणारा शब्द सापडणं आणि त्याला टाळून पुढे न जाणं.

सापळा: ‘बरोबर’चं चिन्ह. शिडी = वडील, डोह = मृत्यू, असं लिहू नका. ‘शिडी वडिलांची आठवण जागवते; तिची मोडकी पायरी घरातल्यांनी मिळून सांभाळलेल्या उणिवेकडेही बोट दाखवते’ असं लिहा. वाक्य लांबेल, पण खरं होईल.

५. आता आशयसूत्र

इथवरची टिपणं समोर ठेवा: निवेदकाबद्दल तीन-चार ओळी, ओढाताणीचं एक वाक्य, प्रतीकाबद्दलचा पुरावा. मगच आशयाकडे वळा.

विषय एका शब्दात सांगता येतो: घर, मृत्यू, जात, एकटेपणा. आशयसूत्र सांगायला पूर्ण वाक्य लागतं, कारण त्या विषयाबद्दल ही साहित्यकृती काय म्हणते ते त्यात यावं लागतं. माझी पद्धत म्हणजे त्याचे तीन मसुदे करणं. शिडीच्या कथेवर ते असे होतील.

पहिला मसुदा: ‘ही कथा घराबद्दल आहे.’ हा झाला विषय.

दुसरा मसुदा: ‘जुन्या वस्तूंमध्ये माणसाच्या आठवणी गुंतलेल्या असतात.’ वाक्य पूर्ण आहे, पण ते हजार कथांना लागू पडेल आणि कुणीही त्याला नाही म्हणणार नाही. शिवाय यात आईचं बोलणं कुठेच आलेलं नाही.

तिसरा मसुदा: ‘काय मोडलंय आणि ते कसं सांभाळून वावरायचं, हे घरातल्यांचं सामाईक ज्ञान परक्याच्या हाती सोपवता येत नाही, आणि घराशी नातं तोडून टाकल्याचा आव आणणाऱ्यालाही ते विसरता येत नाही.’ याला आधार आहे: आईचं वाक्य, ते टेम्पोवाल्याला कुणीच न सांगणं, निवेदिकेचं ‘तशीच’. आणि एखादा वाचक यावर वाद घालू शकतो. तो म्हणेल, कुणी सांगितलं नाही याचं कारण आईला आता घरात कुणी मोजत नाही, कथा त्याबद्दल आहे. चांगलं आहे. ज्यावर वाद होऊ शकतो असं वाक्य हाती आलं, म्हणजे तुम्ही काहीतरी ठाम म्हणता आहात.

तिसऱ्या मसुद्याला हे विचारा: शेवट यात सामावतो का? मजकुरातल्या किमान तीन जागा याला आधार देतात का? याच्या विरोधात जाणारी एखादी ओळ मी सोयीने विसरलो आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा.

सापळा: तात्पर्य. ‘आपण आपल्या माणसांना जपलं पाहिजे’ हा वाचकाला केलेला उपदेश झाला. कथा काय दाखवते ते सांगा. वाचकाने काय करावं, ते तिच्यावर लादू नका.

सापळा: ‘लेखकाला काय म्हणायचं आहे?’ या प्रश्नाने नवा वाचक घाबरतो, कारण लेखकाच्या मनात शिरायची सोय नसते. विमसाट आणि बिअर्ड्‌स्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा अर्थाचा निकष धरू नये असा युक्तिवाद केला, आणि त्यावर आजही मतभेद आहेत. सुरुवातीच्या वाचकाने मात्र त्यांचं ऐकावं असं मला वाटतं. ‘लेखकाला’ऐवजी ‘या मजकुराला’ असं म्हणून पाहा. प्रश्नाचं उत्तर एकदम तुमच्या समोरच्या पानावर येतं.

६. चारही गोष्टी जोडून लिहा

निवेदकावर एक परिच्छेद, संघर्षावर एक, प्रतीकावर एक, असे कप्पे पाडलेलं रसग्रहण वाचायला कोरडं होतं. या चार गोष्टी एकमेकींना कुठे स्पर्श करतात ते लिहा. नमुना म्हणून:

*‘घराचं आपल्याला काही नाही असं ठासून सांगणारी निवेदिका शिडीचं वर्णन करताना “तशीच” म्हणते आणि तिच्या नकारातली आठवण उघडी पडते. तिची ओढाताण दादाशी नाही. तो आत गेल्यावरच ती शिडीला हात लावते. मोडकी पायरी टाळून चढण्याची सवय हे या घराचं सामाईक ज्ञान. आई ते परक्याला द्यायला सांगते आणि कुणी देत नाही, तेव्हा शिडीबरोबर ते ज्ञानही निरुपयोगी होऊन बाहेर पडतं.’*

यात कथानक पुन्हा सांगितलेलं नाही. प्रत्येक विधानाला मजकुरातली एक जागा आहे. अवतरण एका शब्दाचं आहे. ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’, ‘वास्तवदर्शी’ असली विशेषणं नाहीत. ती सुचली तर खोडा आणि त्यांच्या जागी ज्या ओळीमुळे तसं वाटलं ती ओळ द्या. कथानक सांगायचंच असेल तर दोन वाक्यांत उरका.

कादंबरीवर लिहिताना हीच पद्धत प्रकरणवार चालवा आणि प्रत्येक प्रकरणानंतर ओढाताणीचं वाक्य बदललं का ते पाहा. कवितेत पात्रं नसली तरी दुसऱ्या पायरीचे तिन्ही प्रश्न लागू पडतात. संघर्षाच्या जागी सूर कुठे बदलतो ते शोधा. बहुतेक कवितांत एखादी ओळ अशी असते, जिच्यानंतर आधीच्या ओळींचा सूर राहत नाही.

७. मगच समीक्षा वाचा

तुमचं पान लिहून झालं की आता गाइड, प्रस्तावना, समीक्षा, सगळं उघडा. तीन प्रकारच्या गोष्टी सापडतील. जे तुम्हालाही दिसलं होतं त्याच्यापुढे बरोबरची खूण करा. जे दिसलं नव्हतं पण मजकुरात आहे, ते वहीत उतरवा आणि ते कुठल्या शब्दामुळे सुटलं ते शोधा. पुष्कळदा तो शब्दकोशात न पाहिलेला एखादा शब्द निघतो.

तिसरा प्रकार म्हणजे तुमच्या वाचनाशी न जुळणारं मत. इथे लगेच माघार घेऊ नका आणि ‘प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो’ असं म्हणून विषय संपवूही नका. सगळे अर्थ सारखे नसतात. ज्या वाचनाला मजकुरातल्या जास्त जागा आधार देतात आणि ज्याच्या विरोधात कमी ओळी जातात, ते वाचन अधिक बळकट. समीक्षकाचा पुरावा आणि तुमचा पुरावा दोन रकान्यांत समोरासमोर लिहा. त्याचा रकाना भरला आणि तुमचा अर्धा राहिला तर तुमचं वाक्य बदला. तुमचा भरला असेल तर ते वाक्य तसंच ठेवा, आणि उत्तरपत्रिकेत किंवा चर्चेत त्या समीक्षकाचं मत नोंदवून त्याच्या शेजारी तुमचं मत आधारासकट मांडा.